सात वाजल्यापासून

प्रिय ठकू,

रोज फोनवर बोलतो तरी हे पत्र कशाला, म्हणशील. घरचा तारेचा फोन बाबांच्या खोलीत असतो. त्यांना बोलता येत नसलं तरी ऐकू सगळं येतं. मोबाइल घेऊन बाहेर जावं, तर रेंज मिळते ती फक्त नळाच्या कट्ट्यापाशी, आणि तिथे अख्खी वस्ती कान टवकारून उभी. म्हणून पेन शोधलं.

बाबा आता उशीला टेकून बसतात. डाव्या हाताने चमचा धरतात, निम्मं सदऱ्यावर सांडतं. ज्या हाताने जन्मभर पंपांच्या मोटारी बांधल्या, तो उजवा हात मांडीवर पडून असतो. काल त्यांनी तो डाव्या हाताने उचलून बाजूला ठेवला, दुसऱ्या कुणाचा असावा तसा. ते पाहिलं आणि मी स्वयंपाकघरात निघून गेले. मला फार भीती वाटते गं. त्यांचा डोळा लागला की मी छाती वरखाली होतेय ना, ते बघत बसते. भाजी चिरता चिरता दोनदा उठून येते.

मागच्या वर्षीचं तुला अर्धंच ठाऊक आहे. बाबांच्या छातीत कळ आली, मी घाबरून रुग्णवाहिका बोलावली आणि निघाला नुसता गॅस. तू फोनवर केवढी हसली होतीस! बाबाही हसले होते, पण दुसऱ्या दिवसापर्यंतच. त्याच तासाला पलीकडच्या वस्तीवरच्या मास्तरीणबाई जिन्यावरून पडल्या होत्या. या सगळ्या भागाला गाडी एकच, आणि ती आपल्या दारात उभी. बाई गेल्या. आम्हाला कुणी शब्दाने बोललं नाही. फक्त त्यांचे यजमान आपल्या दारावरून जायचे, ते मागच्या वाटेने जायला लागले. तेव्हापासून बाबा म्हणायचे, "मी डोळे पांढरे केल्याशिवाय त्या गाडीला फोन करायचा नाही. तुला माझी शपथ." मी हो म्हटलं होतं.

त्या मंगळवारी सकाळी सात वाजता बाबांच्या हातातून कप पडला. मी म्हटलं, "झोप झाली नाही वाटतं?" ते काहीतरी बोलले, पण जीभ जड, आणि तोंड एका बाजूला ओढल्यासारखं. मला कळलं, ठकू. कळलं नाही असं मी आता स्वतःला सांगू शकत नाही. मी फोनकडे वळले तर त्यांनी डाव्या हाताने माझा पदर घट्ट धरला आणि मान हलवली. मी थांबले. त्यांना निजवलं, तळपायांना तेल चोळलं. आठ वाजले, नऊ वाजले. दर थोड्या वेळाने वाटायचं, आता उतार पडेल. फोनपाशी जायचे आणि मास्तरीणबाई आठवायच्या. आत्ता कुणीतरी खरंच मरणाच्या दारात असेल आणि आपण पुन्हा गाडी अडवून ठेवू, या भीतीने परत फिरायचे. साडेअकराला ते उठायला गेले आणि पलंगावरून खाली कोसळले. तेव्हा मी फोन केला.

गाडी पस्तीस मिनिटांत आली. तिच्यात एक परिचारिका होती, तुझ्याहून लहानच असेल. तिने बाबांचे हात उचलायला लावले, डोळ्यांत बॅटरी मारली आणि विचारलं, "आजी, हे शेवटचे अगदी ठीक कधी होते?" माझ्या तोंडून निघून गेलं, "अकरा वाजता." लाज वाटली गं. साडेचार तास नवऱ्याला तसंच ठेवलं, हे त्या पोरीला कसं सांगू?

गाडी निघाली. ती मोठ्या दवाखान्याला फोनवर सांगत होती, "सुरुवात अकराला, वेळेत पोचतोय, इंजेक्शन तयार ठेवा." मी विचारलं, कसलं इंजेक्शन? ती म्हणाली, "मेंदूतली रक्ताची गुठळी विरघळवायचं. पण ते ठरावीक तासांतच देतात. उशीर झाला असेल तर उलट मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो." बाहेर शेतं मागे पळत होती, बाबा डोळे उघडे ठेवून माझ्याकडे बघत होते. त्यांच्यासमोरच मी म्हटलं, "अकरा नाही. सात. सातपासून असंच आहे." वाटलं, आता ही ओरडणार. ती ओरडली नाही. एक हात माझ्या पाठीवर ठेवला आणि दुसऱ्या हाताने पुन्हा फोन लावला. "वेळ सात आहे. परत सांगते, सात." ते इंजेक्शन मग दिलं नाही.

तू संध्याकाळी दवाखान्यात धावत आलीस आणि दारातच विचारलंस, "गाडी वेळेवर आली नाही ना?" मी होकारार्थी मान हलवली. एवढंच केलं मी. तू तिथल्या तिथे तक्रार लिहायला बसलीस, आणि मी शेजारी बसून तुझ्यासाठी थर्मासमधला चहा ओतत राहिले.

काल चौकशीला दोन माणसं आली होती. गाडीची जबाबदारी तिच्यावर, म्हणून ती परिचारिका तुझ्या तक्रारीपासून तीन आठवडे घरी बसून आहे, निकाल लागेपर्यंत तिला कामावर घेत नाहीत. गाडी उशिरा आली, असं लिहिलेल्या कागदावर मला सही करायची होती. चष्मा सापडत नाही असं सांगून मी त्यांना परत पाठवलं. चष्मा माझ्या नाकावरच होता. ते गुरुवारी पुन्हा येणार आहेत आणि मी त्यांना खरं तेच सांगणार आहे. त्याआधी ते तुला माझ्याकडून कळावं, म्हणून हे लिहिलं. ती तक्रार मागे घे. बाबांचा हात त्या मुलीने घालवला नाही, मी घालवला; आणि तिने तेव्हा नीट समजावून सांगितलं नसतं तर मी त्यांचा जीवही घालवला असता. पत्र वाचलंस की फोन कर. रागाव, हवं तेवढं ओरड, मी ऐकून घेईन. फक्त फोन धरून गप्प राहू नकोस. या घरात एक माणूस गप्प आहे, तेवढं मला पुरे.

तुझीच, भेदरलेली
आई