अख्खी गिळायची गोळी

बुधवार, १४ मार्च

ती. दादास,

नमस्कार. तू आणि वहिनी ठीक असाल. आईच्या खुब्याचं ऑपरेशन नीट झालं, टाके सुकताहेत. माझं म्हणशील तर औषधं वाटायची ढकलगाडी माझ्याकडून काढून घेतली. आता धुण्याच्या खोलीत चादरींच्या घड्या घालते.

तू आमच्या वृद्धाश्रमाच्या मॅनेजरबाईंना लिहिलेली तक्रार त्यांनी मला वाचायला दिली. अक्षर तुझं पहिल्यापासून सुरेख. ‘संबंधित कर्मचाऱ्याचा अक्षम्य निष्काळजीपणा.’ सख्ख्या बहिणीला चांगलं नाव शोधलंस.

आमचा नियम साधा आहे. गोळी जो देतो त्यानेच तक्त्यावर सही करायची, आणि ती पोटात गेल्याचं बघितल्याशिवाय हलायचं नाही. आईला एका गोळीला दहा मिनिटं लागतात. घोट घेते, मान हलवते, पुन्हा घोट. बाकीचे अकरा जण खोळंबतात आणि मला शिव्या घालतात. चार वर्षं मी रोज तिच्यापाशी उभी राहिले. तू त्या रविवारी चौदा महिन्यांनी आलास आणि तिसऱ्याच मिनिटाला म्हणालास, “आण इकडे. आज माझ्या हातून घेऊ दे तिला.”

मी दिली. तिचा चेहरा असा उजळला होता की मला नियम सांगवेना. तेवढ्यात पलीकडच्या आजोबांनी हाक मारली. परत येते तर तू गोळी चमच्याने कुटून, केळ्यात कालवून भरवूनही मोकळा. “बघ, दोन मिनिटांचं काम.” ती रक्तदाबाची गोळी दिवसभर हळूहळू विरघळायची असते, कुटली की सगळं औषध एकदम अंगात भिनतं, हे मी तुला तिथेच सांगितलं. तू घड्याळ बघितलंस. “काही होत नाही गं,” म्हणालास आणि गेलास.

आता जे लिहायचं टाळत होते ते लिहिते. मी त्याच क्षणी नर्सला सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. तुझं नाव आलं तर तू पुन्हा फिरकायचा नाहीस, अशी भीती वाटली. तक्त्यावर माझी सही ठोकली आणि गाडी पुढे ढकलली. दोन तासांनी आई बाथरूमला जायला उठली आणि चक्कर येऊन पडली.

चमच्याला भुकटी सापडली. गोळी कोणी कुटली, असं विचारलं तेव्हा मी म्हणाले, मी. आई मात्र येईल त्याला सांगते, “माझ्या लेकानं भरवलं मला.” लोक हसून मान डोलावतात. काल चौकशीच्या बाईंनी तिच्यादेखत मला विचारलं, खरं आहे का हे? मी म्हटलं, “नाही हो. तिला भास होतात.”

आई माझ्याकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, “नसेल भरवलं. मला हल्ली कळत नाही.”

तिला कळतं, दादा. वर्षभरातली तेवढी एकच गोष्ट तिने घट्ट धरून ठेवली होती, तीही मी काढून घेतली. तुझ्यासाठी. माझी मलाच लाज वाटते, आणि तुझा संताप येतो.

सोमवारी मला पुन्हा बोलावलं आहे. सोबत माझा जबाब जोडला आहे. तू काय केलंस आणि मी काय लपवलं, दोन्ही त्यात आहे. खाली माझी सही आहे, शेजारी तुझ्यासाठी जागा सोडली आहे. करायची असेल तर आईसमोर येऊन कर. नाही आलास तरी कागद जाणार. आणि त्याआधी मी तिच्या उशाशी बसून सांगणार आहे की तिला तूच भरवलं होतंस.

संबंधित कर्मचारी,
तुझी धाकटी