भिंतीने ठेवून घेतलेलं

३ जून
लागले एकदाची नोकरीला. कलादालनात मार्गदर्शिका! नवऱ्याने विचारलं, म्हणजे नक्की काय करायचं. मी म्हटलं, लोकांना भिंतीसमोर उभं करायचं. तो म्हणाला, आमचे मास्तर हेच करायचे.

काम मात्र झकास आहे. अंधाऱ्या खोलीत एक पांढरी भिंत, वर कॅमेरे आणि प्रोजेक्टर. माणूस हलला की भिंतीवर त्याची निळी सावली हलते, आणि तो निघून गेला तरी सावली तिथेच तेच करत राहते. संचालिका मॅडमनी एकच नियम सांगितला: लोकांना फक्त हात पंख्यासारखे फिरवायला लावायचे, दुसरं काही करू द्यायचं नाही. का, ते सांगितलं नाही. पहिल्याच दिवशी कशाला फाटे फोडा, म्हणून मीही विचारलं नाही.

७ जून
हात फिरवून फिरवून लोक जांभया देतात. मॅडम परगावी गेल्यात, म्हणून आज मी आपली अक्कल चालवली. रोजच्या सवयीतलं काहीतरी करा म्हटलं. काय रंगत आली! एका न्हाव्याने हवेत कात्री चालवली. एक आजोबा आजींचा हात धरून रस्ता ओलांडल्यासारखे चालले. आपलीच सावली पाहून त्यांचे डोळे भरून आले. मॅडम परतल्या की खूश होतील.

९ जून
आज रविवार, लेकीला घेऊन गेले. एका जागी ठरत नाही म्हणून आम्ही तिला भिंगरीच म्हणतो. मी कामावरून आले की ती धावत येऊन गळ्यात पडते, पाय थेट जमिनीवरून वर. माझी कंबर मोडते, पण दिवसाचा शीण जातो. भिंतीसमोर तिने तेच केलं. तिची सावली इतकी गोड धावते की मी कामं सोडून तिच्याकडेच बघत बसले.

१२ जून
न्हावी परत आला. म्हणाला, कात्री हातात घेतली की बोटं नुसती बघत बसतात. मी हसण्यावारी नेलं, चार दिवस आराम करा म्हटलं. तो हसला नाही. भिंतीवर त्याची सावली सफाईने कात्री चालवत होती.

दुपारी आजी एकट्याच आल्या, गुडघ्याला पट्टी बांधून. आजोबा हल्ली त्यांना भर रस्त्यात सोडून पुढे निघून जातात, असं सांगत होत्या.

१३ जून
भिंगरी रविवारपासून दारात येत नाहीये. रुसली असेल, अशी मी मनाची समजूत घालत होते. आज मीच हात पसरले. ती येऊन समोर उभी राहिली. पुढे काय करायचं असतं, असं तिने विचारलं. मस्करी करत नव्हती. मला फार भीती वाटतेय.

१४ जून
मॅडम आल्या. भिंत पाहून त्यांनी आधी वीज तोडली. तरी सावल्या हलतायत. खरं सांगितलं असतं तर कोणी विश्वास ठेवला नसता, म्हणाल्या. भिंत नवी एक सवय घेते, तेव्हाच आधीची एक परत देते. घेते ती मुरलेलीच, म्हणून तर नुसते पंख्यासारखे हात. त्या आणखी काही सांगत होत्या — मी ऐकायला थांबले नाही.

१५ जून
मी माझं लिहिणं देणार. शाळेत होते तेव्हापासून रोज लिहितेय, याहून मुरलेलं माझ्याकडे काय आहे? रडू येतंय. पण लेकीपुढे वही काय —

१५ जून, संध्याकाळ
लिहिता येतंय. म्हणजे लिहिणं घेतलं नाही.

भिंतीसमोर अक्षर काढायला हात उचलला होता — तेवढ्यात भिंगरीची सावली धावत माझ्याकडे आली — माझे हात आपोआप पसरले, तिला घ्यायला — ती विझली. तिच्या जागी माझी सावली. हात पसरलेली.

घरी आले. भिंगरी दारातून धावत आली, पूर्वीसारखी. गळ्यात हात, पाय वर — जीव भांड्यात पडला —

ती पडली. मी धरलंच नाही. हात नुसते लोंबत —

ती हसतेय. आई, पुन्हा, म्हणतेय. मागे जाऊन उभी राहिलीय. पेन खाली ठेवते. या वेळी तरी हात —