आर्यनच्या तापानंतर

शाहूपुरी, कोल्हापूर
मे २००१

प्रिय दीप्ती,

तुझ्या पत्रांना उत्तर दिलं नाही, रागावली असशील. रागावलीस की तू वेणी सोडून पुन्हा घालतेस. कागलच्या उरुसात त्याच वेणीला हात लावणाऱ्याला मी बडवलं होतं, आणि तू त्याच्यावर नाही, माझ्यावर चिडलेलीस. ‘तुला दुसरं काय येतं?’ म्हणालीस. अजून दुसरं काही येत नाही गं.

तुझ्या बारशाला आईनं, म्हणजे तुझ्या आत्तीनं, तुझ्या कानात नाव सांगितलं आणि पाठीत बुक्के खात खात सगळ्यांना ऐकवलं, ‘ही माझ्या सूरज्याची हाय, आत्ताच सांगून ठेवते.’ तेव्हापासून मी तुझाच आहे. पुढं माझ्या सख्ख्या बहिणीला, प्रीतीताईला, आईच्याच धाकट्या भावाला, केरबामामाला दिली. ‘घरातली पोरगी घरात ऱ्हाती,’ तुझे आबा म्हणाले. थोरल्या मामांचा शब्द, कोण मोडणार? मीही वरातीत घाम निघेपर्यंत नाचलो.

त्यांचा आर्यन किती गुटगुटीत होता, तुला सांगायला नको. तुझंच बोट धरून तो चालायला लागला. मग तो साधा ताप. ताप उतरला, पण पोराला मान धरता येईना, पाय उचलेनात. दुसऱ्या तापात गेलाच. शेजारची धोंडुबाई ताईच्या तोंडावर म्हणाली, ‘पांढऱ्या पायाची.’ मी अंगावर धावून गेलो, तर सगळ्यांनी मलाच धरलं. ताई अजून रिकाम्या झोळीत हात घालून ताप बघते.

मी कॉलेज का सोडलं, हे तुला कधी सांगितलं नाही. आमच्या प्रयोगशाळेत बाटल्यांतून फळमाश्या पाळायचो. मीनाक्षी मॅडम शिकवायच्या, की शरीरातली प्रथिनं दोऱ्यासारखी तयार होतात, त्यांची घडी नीट बसली तरच ती कामाची. ती घडी बसवायला मदत करणारी दुसरी प्रथिनं असतात. मला ती घरातल्या थोरल्या जावेसारखी वाटायची. कुणाचं काही चुकलं तर सावरून घेणार, बाहेर कळू देणार नाही. पिढ्यान्‌पिढ्या रक्तात बारीकसारीक फरक साठतात, पण तिच्यामुळं ते दिसत नाहीत. उष्णता वाढली की सगळीकडंच पडझड होते, तिचे हात पुरत नाहीत, आणि झाकलेलं उघडं पडतं. आमच्या माश्यांत कुणाचे पंख वाकडे निघाले, कुणाचा डोळा चेपलेला. ते उष्णतेनं घातलेलं नव्हतं, आधीपासून आत होतं. अन् तसल्याच माश्यांच्या आपसात जोड्या लावत गेलं, की पुढं थंडाव्यातसुद्धा वाकडेच पंख.

मॅडम म्हणाल्या, ‘ही निसर्गाची शिल्लक असते, सूरज. दिवस बदलले तर यातलंच काहीतरी उपयोगी पडतं.’ खरंच असेल ते. पण आर्यनची माती ओली होती. ‘कुणाच्या उपयोगाला?’ म्हणून मी ओरडलो आणि हातातली बाटली भिंतीवर फोडली. माश्या खोलीभर. मी पायऱ्या उतरलो तो परत चढलोच नाही. आता इथं मोटारी दुरुस्त करतो.

दुकानावर मला शोधत मॅडमच आल्या. बाटलीबद्दल चकार शब्द नाही. मला आर्यनच्या डॉक्टरांकडं घेऊन गेल्या. त्याचं रक्त मुंबईला पाठवलेलं, त्याचं उत्तर आलं होतं. डॉक्टर म्हणाले, त्याच्यातलं एक प्रथिन जन्मतःच कच्चं होतं, एरवी कसंबसं तगायचं, तापात कोसळलं. निम्मा दोष ताईकडून, निम्मा केरबामामाकडून. दोघांना तो एकाच घरातून आला, दीप्ती. माझ्या आईच्या माहेरातून. तुझ्या घरातून. तुझ्या-माझ्यात असेल, नसेलही. ते सांगणारी तपासणी अजून नाही.

आबांना समजवायला गेलो होतो. ‘आमच्या रगताला नावं ठेवतोस व्हय रं? चार बुकं शिकलास, ती बी अर्धी!’ म्हणाले. पोर नको, नुसतं लग्न करू, असंही मनात आलं. पण तू मागच्या पत्रात आपल्या पोरीचं नाव लिहून पाठवलंस. ते मी खिशातच घेऊन फिरतोय.

रविवारी आबा सुपारी फोडणार. मी नको म्हटलं तर लोक खोट तुझ्यातच काढतील, ‘मामाची पोरगी असून सोडली’ म्हणतील. म्हणून नको तू म्हणायचंस. भर बैठकीत, मोठ्यानं. सांग, कॉलेज सोडलेला, हातातोंडाला आवर नसलेला, असल्याला मी न्हाय करणार. कुणालाही खोटं वाटणार नाही, तेवढी कीर्ती मी आधीच केली आहे. मग मी ताट लाथाडीन, तुला नको ते बोलेन. घाबरू नकोस, आणि त्यातलं काही खरं मानू नकोस. फक्त तिथं बसून वेणी सोडू नकोस. ती सुटलेली दिसली तर मला जमायचं नाही.

बारशापासून तुझाच,
सूरज्या