माझ्या जंतूतला आळशी जीन

३ फेब्रुवारी
थुंकीचा रिपोर्ट आला. टीबी. मुलाचं तोंड पांढरं पडलं. म्हटलं, तुझ्या बापाबरोबर तीस वर्षं काढली, हा जंतू काय घेऊन बसलास. सहा महिने गोळ्या. एकही चुकवायची नाही. ठरलं.

१ मार्च
ताप गेला. वजन दोन किलो वाढलं. गोळीनं मळमळतं. सून रोज ग्लास घेऊन समोर उभी. तिला पहारेकरीण म्हणते. हसते बिचारी.

९ मार्च, दुपारी
भाची आली. तिच्या लॅबमध्ये माझ्याच थुंकीतले जंतू वाढवतात. म्हणाली, आत्या, जीन म्हणजे जंतूला काय करायचं ते सांगणारी चिठ्ठी. टीबीच्या जंतूतल्या एका जीनचं काम काय, ते अजून कुणालाच ठाऊक नाही. चार वर्षं शोधतेय. म्हटलं, तुझ्या आतोबांसारखंच की. बत्तीस वर्षं ऑफिसात, काम काय ते साहेबालाही ठाऊक नव्हतं. खूप हसली. मग म्हणाली, ठाऊक नाही म्हणजे काम नाही, असं नव्हे. शिकलेली माणसं सरळ बोलतच नाहीत.

१० मार्च
विचार केला. माझा जंतू आळशी निघाला. आळशाला रोज गोळी कशाला? एक दिवसाआड पुरे.

२ एप्रिल
आता फक्त दवाखान्याच्या नर्सबाई तपासायला यायच्या असतात त्या सकाळी घेते. गोळीनं लघवी लाल होते, ती बघून बाई खूश. बाकीच्या दिवशी गोळ्या गालात, मग बेसिनमध्ये. गावच्या शाळेत बाईंसमोर बोरं अशीच लपवायचे. ती कला अजून गेलेली नाही.

२० एप्रिल
थोडा खोकला. पंख्यावर धूळ फार. मास्कनं गुदमरतं, काढून ठेवला. सून पाठ चोळत होती. म्हणाली, निदान माझ्यासमोर तरी लावा. म्हटलं, तूच लाव, बरी दिसशील.

१४ मे
सून खोकतेय. गार पाणी पिते, दुसरं काय. बारीकही झाली. चिडवलं, एवढी सडपातळ कुणासाठी ग? आज हसली नाही.

५ जून
सुनेलाही टीबी. नातवाला तिच्या माहेरी पाठवलं. उद्यापासून रोज घेणार. अगदी शपथेवर.

१७ जून, हॉस्पिटल
दोघींच्या जंतूंवर नेहमीच्या गोळ्या चालत नाहीत. डॉक्टर म्हणाले, मध्येच गोळ्या सोडल्या की असं होतं. मुलगा त्यांच्यावर चिडला. माझ्या बायकोनं स्वतःच्या हातानं रोज दिल्यात, म्हणाला.

शेजारच्या पलंगावरून सून हळूच म्हणाली, सासूबाई, माझंच काही चुकलं का हो द्यायला?

म्हटलं, नाही ग. त्या जीनचं काम असेल.

रिपोर्ट घेऊन आलेली भाची खिडकीबाहेर बघत होती.

मग बरं, म्हणाली सून, आणि डोळे मिटले.