माशाचं गोत्र

४ फेब्रुवारी, मंगळवार
संहितानं नोकरी सोडली. एचएसआरच्या आयटी कंपनीतली, एसीतली. का, तर माशांवर पीएचडी करायची! नात माझीच, पण अक्कल कुणाची घेतली कोण जाणे. नदीतला मासा धरायचा, पोटात यंत्र घालून टाके मारायचे, परत सोडायचा. मग काठानं हिंडत बघायचं कुठं गेला. अगं, मासा आहे — पाण्यातच जाणार.
वर त्याच्या पराचा तुकडा कापून बाटलीत. कुणाच्या वंशातला ते कळतं म्हणे. मी स्थळ आणलं की, "आजी, गोत्रबित्र मला सांगू नको." माशाचं चालतं.

५ फेब्रुवारी
पीएचडीची जागा पक्कीच नाही! काम बघून तिच्या गाईड मॅडम ठरवणार. जागा एक, पोरी दोन. दुसरी चेन्नैची. बरं.

९ फेब्रुवारी, रविवार
शिवाजीनगरच्या बाजारात गेले. इलियास मासेवाला कानडीत म्हणाला, "अक्का, हा नदीतला, तळ्यातला नव्हे." मोठा, सोनेरी खवल्यांचा. पोटाखाली तार लोंबत होती — गळ गिळला असेल. घरी चिरला तर आत शेंगदाण्याएवढं काहीतरी, गुळगुळीत. लोक नदीत काय काय टाकतात. धुऊन बटणांच्या डब्यात टाकलं, मी काही फेकत नाही. कालवण झकास. संहिता नदीवर. तिचा वाटा तिच्या बापानं हाणला.

१२ फेब्रुवारी
पोरगी तोंड पाडून आली. तिची सगळ्यात मोठी मादी गायब. पहिले टाके हिनं तिलाच घातले होते. मॅडम म्हणाल्या, "मेली असेल तर पुरावा आण. हरवली म्हणून चालणार नाही." नाहीतर जागा चेन्नैवालीला.
म्हटलं, "एवढी नदी, एक मासा गेला तर रडतेस काय?"
तिनं फोनवर यंत्राचा फोटो दाखवला. शेंगदाण्याएवढं. मागं तार.
मी उठून भांडी घासायला घेतली. भांडी घासलेलीच होती.

१३ फेब्रुवारी
गप्प बसले तर ही एचएसआरला परत. नागपूरचं स्थळही थांबलंय. काही करायचं नाही, नुसतं गप्प बसायचं. तेच जन्मात जमलं नाही.
डबा तिच्यापुढं उपडा केला. बटणं घरभर. तिनं ते उचललं, वरचा नंबर बघितला, मग मला बघितलं.
"खाल्लीस?"
"चांगली होती," म्हटलं. खोटं कशाला बोलू?
यंत्र रुमालात गुंडाळलं. मग म्हणाली, "चप्पल घाल. तुझ्या इलियासनं ती कुठनं आणली, विचारू."

१४ फेब्रुवारी
बंधाऱ्याखालच्या जाळ्यातली. मासे बंधारा ओलांडून खाली येतात हे मॅडमना ठाऊकच नव्हतं म्हणे. आता त्या खूश. मासा खाल्ला मी, शाबासकी हिला.

२८ फेब्रुवारी
जागा मिळाली. सोमवारी पोरगी नदीकाठी राहायला जाते.
इलियासनं हाक मारली, "अक्का, नदीतला आलाय." उलटा करून पोट बघितलं. तार नव्हती.
तरी त्याच्या कानडीत म्हटलं, "बेड." नको.