ओढलेलं आणि लावलेलं

प्रिय भिंगरे,

गुडघ्याची सूज उतरली का? प्लास्टर फार घट्ट वाटत असेल तर नर्सबाईंना लगेच सांग, सोसत बसू नकोस. बोटं हलवून बघ, काळीनिळी पडत नाहीत ना? मी सकाळपासून चौथ्यांदा विचारायला आलो तेव्हा बाई म्हणाल्या, आजोबा, पाय तुमच्या मुलीचा मोडलाय, पण लंगडताय तुम्ही. तूही मागे असंच म्हणाली होतीस ना, बाबा, चार किलोमीटर मी पळते आणि धाप तुम्हाला लागते? ते खरंच आहे. रोज पाण्याची बाटली घेऊन चौकात उभा राहायचो, पण तू वळणावर दिसेपर्यंत जीव थाऱ्यावर नसायचा.

परवा तर माझ्या डोळ्यांसमोर घडलं. मोटरसायकल तुझ्या अगदी जवळ आली, मागे बसलेल्याने बाहीतून लोखंडी पाइप काढला आणि एकदाच फिरवला. कारखान्यात भिजलेल्या कापडाचा गठ्ठा फरशीवर टाकला की होतो, तसा आवाज आला. तू पडलीस आणि हातांवर रेटत पुढे सरकायला लागलीस. तोंडातून रक्त येत होतं आणि तू मला विचारत होतीस, बाबा, आजचं अंतर धरायचं का? मी धरलं, पोरी. चोवीस दिवस झाले. दोन राहिले.

तुझा हिशोब मला आधी कळलाच नव्हता. कारखान्यात मेलेल्या तिघा कामगारांची वयं एकोणतीस, चौतीस आणि एक्केचाळीस. बेरीज एकशे चार. ते जेवढी वर्षं जगले तेवढे किलोमीटर पळायचे, कारखान्याच्या गेटपासून कोर्टाच्या पायरीपर्यंत, रोज चार, आणि सव्विसाव्या दिवशी त्याच पायरीवर फेरतपासणीचा अर्ज द्यायचा. पहिल्या दिवशी तू एकटी होतीस, विसाव्या दिवशी मागे अख्खा रस्ता पळत होता. त्यातलं चौतीस हे वय आपल्या जावयांचं. ते लिहिताना हात थांबतो.

तुझं पळणं त्याच गेटवर सुरू झालं, आठवतं? तू माझा डबा घेऊन यायचीस. मी लांबून ओरडायचो, ओढतोय हं! आणि तू फ्रॉक सावरत सुसाट यायचीस, अशी गर्रकन आत घुसायचीस की त्यावरूनच तुला भिंगरी नाव पडलं. आम्हा वॉचमन लोकांची गेटवरची भाषा तुला पाठ होती. ओढ म्हणजे दोन्ही फाटकं नुसती जवळ आणायची, कुणीही ढकलून जावं. लाव म्हणजे साखळी, कुलूप आणि किल्ली माझ्या खिशात. तू यायची असलीस की मी कधी लावलं नाही, फक्त ओढलं.

ते तिघे गेले त्या दिवशी तू शाळेत मुलांची कवायत घेत होतीस. कामगार आवारात बसले होते. मागणी ती काय, तर हातमोजे, तोंडाला फडकी आणि गळका बॉयलर बदला. साडेदहाला मॅनेजर गेटबाहेरच्या माझ्या केबिनशी आला आणि म्हणाला, बाहेरून गुंड येणार आहेत, गेट लाव. मला वाटलं, बरं झालं, जावई आत सुरक्षित राहतील. मी बाहेरच्या बाजूने साखळी घातली. गुंड बाहेरून आलेच नाहीत. ते पहाटेपासून गोदामात बसवलेले होते. कापड ढवळायच्या सळया घेऊन बाहेर पडले आणि दिसेल त्याला हाणत सुटले. डोकी फुटली, हात मोडले, रंगाच्या हौदात एकाला बुडवून धरला. माणसं गेटकडे धावली. ढकललं. गेट उघडेना.

पोलिसांनी विचारलं, गेट कसं होतं? मॅनेजर माझ्या मागे उभा होता. मी सांगितलं, ओढलेलं होतं. कागदावर तेच चढलं. वाचलेले सगळे कुलूप होतं म्हणून ओरडत राहिले, पण कोर्टाने वॉचमनचा शब्द धरला. निकाल लागला, गेट उघडं होतं, माणसं चेंगराचेंगरीत मेली. लोक माझ्यावर उठले तेव्हा तू छातीला हात लावून म्हणालीस, माझे बाबा भित्रे असतील, पण खोटं बोलत नाहीत, कुलूप नंतर दुसऱ्या कुणीतरी घातलं असेल. त्या दिवसापासून मला नीट घास गेलेला नाही.

अजून एक कुणालाच माहीत नाही. जावयांनी गजांतून हात बाहेर काढला होता. रागावले नव्हते, मला सासरेबुवा म्हणूनही हाक मारली नाही. तुझ्यासारखंच म्हणाले, बाबा, किल्ली. ती माझ्या खिशात होती, मुठीत होती. त्यांच्या मागे तिघे सळया उगारून येत होते. कुलूप काढलं तर ते माझ्यावर येतील, एवढंच माझ्या डोक्यात आलं. मी केबिनमध्ये गेलो आणि आतून कडी घातली. जावई पडले तरी त्यांचा हात गजांतच होता.

म्हणून हे पत्र. तुझ्या तोंडावर सांगायची माझी छाती नाही. उद्या सकाळी मी त्या गेटपासून निघणार आहे. माझ्याने पळवणार नाही, पण चालेन. तुझ्या मागे पळणाऱ्या शिंपीणबाई आणि बाकीची मंडळी सोबत आहेत. परवा शेवटचे चार. पायरीवर तुझ्या अर्जाबरोबर माझा जबाब देईन की गेट ओढलेलं नव्हतं, लावलेलं होतं, मी लावलं होतं, आणि किल्ली ही घ्या. पोलीस मला आत घालतील किंवा रस्त्यातच मोटरसायकल येईल. भीती वाटते, खोटं कशाला बोलू. या वेळी भीत भीतच चालणार आहे. गोळ्या जेवणानंतरच घे. खोलीच्या दाराला आतून कडी घालू नकोस, नर्सबाईंना सांगून ते नुसतं ओढून ठेव. मी येईन असं नाही, तू मला आत घ्यावंस असंही नाही.

तुझाच,
गेटवरचा बाबा