हॅगथ्वेट गावचा एकमेव हॅगथ्वेट

३ मे
जगभरच्या हॅगथ्वेट आडनाववाल्यांचा मेळावा, तोही आपल्या गावात! अध्यक्ष कोण, हा प्रश्नच नाही. हॅगथ्वेट गावात राहणारा हॅगथ्वेट मी एकटाच. आमच्या घराण्याने कधी हे गाव सोडलेलं नाही. भाषण लिहायला घेतलं. पहिलं वाक्य उत्तम झालंय.

११ मे
न्यूझीलंडचा कोणी लायनेल हॅगथ्वेट आधीच येऊन थडकलाय. मेंढ्या पाळतो. उंच आहे. दात स्वतःचे आहेत म्हणे. पबमध्ये सगळे त्याच्याभोवती. मी इतकी वर्षं तिथेच बसतोय, माझ्याभोवती कोणी जमलं नाही. मला मत्सर वगैरे वाटत नाही. फक्त झोप लागत नाही.

१२ मे, दुपार
माझ्या बायकोने, हिल्डाने, लायनेलला जेवायला बोलावलं. नवऱ्याला न विचारता! मेंढीची अख्खी तंगडी भाजली. माझ्या वाढदिवसाला टोस्टवर बीन्स होते. तो म्हणाला, "वहिनी, अशी तंगडी जन्मात खाल्ली नाही." म्हणे वहिनी! मी ॲसिडिटीचं कारण सांगितलं. हिल्डा म्हणाली, "बरं झालं, तुझा तुकडा लायनेलला देते."

२० मे
मिस ओल्डरॉइड या ग्रंथपाल बाईंचं आमच्या आडनावावर व्याख्यान. बाई म्हणाल्या, गावातल्या माणसाला गावाचं नाव कोण देईल? इथे सगळेच हॅगथ्वेटचे. माणूस परगावी गेला, की तिथले लोक म्हणायचे, तो बघा हॅगथ्वेटवाला. म्हणजे आडनाव मिळालं ते गाव सोडून गेलेल्यांना. मी उठून विचारलं, मग आम्ही?
"तुमचे पणजोबा लीड्सहून आले इथे. दुकान बुडालं ना त्यांचं."
हॉलभर हशा. सगळ्यात मोठ्याने हिल्डा.
अध्यक्ष लायनेल झाला. टाळ्या वाजवून.

२१ मे
ठरलं. उद्या मेळाव्याला जायचं नाही. माझी उणीव भासली की शोधत येतील.

२२ मे
कोणी आलं नाही, म्हणून मीच गेलो.
चर्चसमोर सगळ्यांचा फोटो. मी पुढच्या रांगेत मधोमध जागा धरली. लायनेलने कॅमेरा माझ्या हातात दिला. "दादा, तुम्हीच काढा. इथला उजेड तुम्हालाच माहीत."
कॅमेऱ्यातून बघितलं. कॅनडाचे, जमैकाचे, ऑस्ट्रेलियाचे, सगळे छान मावले होते. लायनेलच्या शेजारी हिल्डा. तिला असं हसताना मी किती वर्षांत बघितलं नव्हतं.
मी म्हणालो, हलू नका. कोणी हललं नाही.
फोटो सुरेख आलाय. हिल्डा तो बैठकीच्या खोलीत लावणार आहे.